जर्मनीत शिकता शिकता फिरायचं कसं: आधी परीक्षेची तारीख, मग तिकीट

पहिल्या सेमिस्टरला नोव्हेंबर-डिसेंबरच्या आठ वीकेंडपैकी सहा मी श्टुटगार्टच्या बाहेर होते. एस्लिंगेनचा ख्रिसमस बाजार, न्युर्नबर्गचा, स्ट्रासबर्गचा, कोलमारचा, मग कुणीतरी म्हणालं हायडेलबर्ग राहिलं, कुणी म्हणालं बर्फ पडलाय चला ब्लॅक फॉरेस्टला. फोटो भारी आले, सांगलीत आईच्या भिशी ग्रुपवर फिरले वगैरे. आणि फेब्रुवारीत नऊ दिवसांत तीन पेपर होते त्यातल्या एकात ५.० आले. जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ५.० म्हणजे नापास, त्यामुळे बाबांना आकडा सांगितल्यावर ते आधी खूश झाले, पाचपैकी पाच. मग त्यांना समजावून सांगावं लागलं. तो फोन मी विसरणार नाही.

त्यानंतरच्या दीड वर्षात मी त्याहून जास्त फिरले, अकरा देश झाले, आणि एकही पेपर राहिला नाही. काय बदललं ते सविस्तर लिहितेय कारण पुण्यातून दर वर्षी येणारी पोरं मला तेच विचारतात आणि मी तेच तेच व्हॉइस नोट पाठवून कंटाळलेय. मी मास्टर्सला श्टुटगार्टला होते, म्हणून उदाहरणं तिकडची आहेत. तुम्ही आखेन, म्युनिक, ड्रेस्डेन कुठेही असा, गणित तेच राहतं.

आधी हे समजून घ्या की सेमिस्टर कुठे जड असतं

आपल्याकडे इंजिनिअरिंगला युनिट टेस्ट, सबमिशन, व्हायवा, असाइनमेंट, काही ना काही डोक्यावर असायचंच. जर्मनीत बऱ्याच विषयांना शेवटी एकच लेखी परीक्षा असते, तिला क्लाउझुर म्हणतात, आणि तुमचे सगळे मार्क त्या नव्वद नाहीतर एकशेवीस मिनिटांत. लेक्चरला हजेरी बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तुम्हाला वाटतं की अरे काहीच नाहीये, आरामात आहे, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. काम साठत असतं, फक्त कुणी ओरडत नसतं.

एक हिशोब करून बघा. एका सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट, आणि जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम धरतात. म्हणजे ९०० तास. हे पूर्ण सहा महिन्यांवर, २६ आठवड्यांवर पसरलं तर आठवड्याला पस्तीसेक तास येतात, चालतंय. पण लोक काय करतात, लेक्चर संपली की 'सुट्टी लागली' म्हणतात आणि सगळं पंधरा आठवड्यांत बसवायला जातात, मग ते आठवड्याला ६० तास होतात आणि वरून वीस तासांची वेर्कश्टुडेंट नोकरी, म्हणजे शिकता शिकता करायची पार्टटाइम. होत नाही ते. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरला लेक्चर नसतात म्हणून ती सुट्टी नव्हे, त्यातच परीक्षा असतात, त्यातच प्रोजेक्ट रिपोर्ट असतात. जर्मन लोक स्वतः त्याला लेक्चर नसलेला काळ म्हणतात, सुट्टी आपण म्हणतो.

यातून निघणारी गोष्ट एकच, आणि बाकी सगळा लेख तिच्यावरच आहे. फिरणं सेमिस्टरच्या पुढच्या भागात करायचं आणि परीक्षेनंतर करायचं, परीक्षेआधीचा शेवटचा तुकडा पूर्ण सोडायचा. आणि परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. आपण नेहमी आजपासून पुढे मोजतो, 'अजून दोन महिने आहेत', तिथे चुकतो.

पहिला आठवडा: प्रत्येक विषयाला तीन प्रश्न

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कितीही कंटाळा आला तरी सगळ्या लेक्चरना जा, कारण पहिल्या लेक्चरला प्रोफेसर नियम सांगतो आणि ते नंतर पुन्हा कुणी सांगत नाही. तीन गोष्टी लिहून घ्या.

एक, परीक्षेला बसायला आधी काही पुरं करावं लागतं का. काही विषयांत युबुंगच्या शीट, म्हणजे दर आठवड्याचे गणितांचे कागद, त्यात अमुक टक्के गुण मिळाले तरच क्लाउझुरला बसू देतात. अशा विषयाची शीट गुरुवारी दुपारी जमा करायची असेल तर बुधवारी रात्रीची बस पकडून प्रागला जायचं नसतं, साधं आहे पण लोक जातात.

दोन, हजेरी सक्तीची कुठे आहे. लेक्चरला नसली तरी लॅब, सेमिनार आणि ब्लॉक कोर्सला बहुतेक असते. ब्लॉक कोर्स हा प्रकार लक्षात ठेवा, अख्खा विषय दोन वीकेंडमध्ये नाहीतर एका आठवड्यात उरकतात, शुक्रवार दुपार ते रविवार. तो वीकेंड तुमचा गेला. उलट बाजूने बघितलं तर तो विषय नोव्हेंबरातच संपतो आणि फेब्रुवारीत एक पेपर कमी होतो, मी तर फिरायला मिळावं म्हणून मुद्दाम असे दोन विषय घेतले.

तीन, परीक्षा नोंदणी कधी सुरू, कधी बंद, आणि नाव मागे कधीपर्यंत घेता येतं. इथे परीक्षेला आपोआप बसवत नाहीत, पोर्टलवर जाऊन स्वतः नोंदणी करावी लागते, आणि ती खिडकी दोन-तीन आठवडेच उघडी असते. माझा एक वर्गमित्र त्या काळात लिस्बनला होता, रोमिंगवर पोर्टलचा पासवर्ड आठवेना, राहिलं ते राहिलं. सेमिस्टर गेलं ना एका विषयाचं. एका विषयाला किती वेळा बसता येतं तेही बघून ठेवा, बऱ्याच कोर्सना तीनच संधी असतात आणि तिसऱ्यांदा गेला तर कोर्समधूनच बाहेर. हे घाबरवायला सांगत नाहीये पण माहीत असलेलं बरं.

मग कालनिर्णय काढा

मी खरंच कालनिर्णय वापरलं. आईने फराळाच्या पार्सलमध्ये घातलेलं, मी म्हटलं हे कशाला, पण त्याचे चौकोन मोठे असतात, दुधाचा हिशोब लिहायला केलेले, त्यात सगळं बसतं. फोनमधल्या कॅलेंडरमध्ये एका वेळी एकच आठवडा दिसतो आणि मग सगळं लांब वाटतं. भिंतीवर चार महिने शेजारी शेजारी चिकटवा.

लाल पेनाने परीक्षा. तारखा आल्या नसतील तर मागच्या वर्षीच्या बघा, साधारण त्याच आठवड्यात असतात, पण पेन्सिलने लिहा. पहिल्या परीक्षेपासून मागे सहा आठवडे मोजा आणि तिथे आडवी रेघ मारा. त्या रेघेनंतर मुक्कामाचा प्रवास बंद. एक दिवसाची सहल चालते, तीही शेवटच्या तीन आठवड्यांत नाही. सहा का, तर माझा अनुभव असा की चार विषय असतील तर जुने पेपर दोनदा सोडवायला एवढा वेळ लागतोच. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार असाल तर चार करा. पण रेघ मारा.

निळ्या पेनाने शीट, लॅब, प्रेझेंटेशन. हिरव्याने जर्मन सुट्ट्या, त्या कालनिर्णयवर अर्थातच नसतात, हाताने लिहायच्या. आणि खरी गंमत तिथे आहे. उन्हाळी सेमिस्टरला एप्रिल-मे-जूनमध्ये सुट्ट्यांचा पाऊस असतो. २०२६चं बघा, १ मे शुक्रवारी आलाय, १४ मेला गुरुवारी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, म्हणजे मधला शुक्रवार टाकला की चार दिवस, याला जर्मनमध्ये पूल-दिवस म्हणतात आणि अख्खा देश तो टाकतो. २५ मेला सोमवारी पेंटेकॉस्टचा सोमवार, काही विद्यापीठांत तो पूर्ण आठवडाच लेक्चर नसतात. मग ४ जूनला गुरुवारी फ्रोनलाइखनाम, ही मात्र सगळ्या राज्यांत नसते, बाडेन-व्युर्टेमबर्ग, बायर्न, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन, हेसन अशा काहींनाच, बर्लिनवाले बिचारे लेक्चरला बसतात. उलट हिवाळ्यात २०२६ला ३ ऑक्टोबरची सुट्टी शनिवारी आणि १ नोव्हेंबरची रविवारी, दोन्ही वाया. म्हणून मोठे प्रवास उन्हाळी सेमिस्टरच्या पहिल्या आठ आठवड्यांत बसवा. दिवस मोठा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, परीक्षा जुलै अखेरीच्या पुढे. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, कुठेही जा, बघायला काय मिळणार, बाजारातले दिवे आणि गरम वाइन.

आता निळं आणि लाल सोडून जे कोरे आणि हिरवे चौकोन उरले ते तुमचे. मोजा. माझे एका सेमिस्टरला साधारण असे बसायचे: मुक्कामाचे चार वीकेंड, एक दिवसाच्या सहा-सात सहली, आणि परीक्षा संपल्यावर दहा-बारा दिवसांचा एक मोठा प्रवास. एवढंच. ऐकायला कमी वाटतं पण चार सेमिस्टरनी गुणा.

तिकीट कधी काढायचं

परीक्षेची पक्की तारीख लागल्याशिवाय परीक्षा-काळातलं विमानाचं तिकीट काढायचं नाही. स्वस्त आहे म्हणून तर अजिबात नाही. मी काढलं होतं, मार्चमधलं अथेन्सचं, मागच्या वर्षी पेपर ४ तारखेला होता म्हणून ७ तारखेचं. यंदा पेपर ९ला लागला. परतावा शून्य. पेपरचं नाव मागे घेऊन जायचा मोह झाला होता, खरं सांगते, एक अख्खी रात्र विचार केला. गेले नाही.

दुसरं, परतीची वेळ. सोमवारी सकाळी आठला लॅब असेल तर रविवारी रात्रीची शेवटची गाडी ही तुमची गाडी नाही. तिच्या आधीची तुमची, शेवटची ही राखीव. लांब पल्ल्याच्या गाड्या उशिरा येतात, मधली गाडी चुकते, रात्री एक वाजता कुठल्यातरी कार्ल्सरूहच्या प्लॅटफॉर्मवर बसावं लागतं. पैसे थोडे परत मिळतात, ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के, आणि पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर ठराविक गाडीचं स्वस्त तिकीट दुसऱ्या गाडीलाही चालतं, हे माहीत असू द्या आणि अर्ज करा, लाजू नका. पण लॅबचा प्रोफेसर पैसे परत देत नाही. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तर शहराबाहेर असूच नका, गाडी उशिरा आली हे कारण चालेल असं धरून चालू नका.

पैसे: प्रवासाची किंमत तासांत लावा

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच वर्षाचे पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, वर्षाचे ११,९०४. त्यात खोलीभाडं, आरोग्य विमा, खाणं. श्टुटगार्टसारख्या शहरात भाडं दिल्यावर जे उरतं त्यात फिरणं बसत नाही, म्हणून नोकरी, आणि नोकरीमुळे अभ्यासाला वेळ नाही, आणि मग फिरल्यावर अपराधी वाटतं. ही साखळी कुठेतरी तोडायची तर प्रत्येक प्रवास तासांत मोजा. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. १४० युरोचा वीकेंड म्हणजे दहा तासांची नोकरी, अधिक प्रवासाचे दोन दिवस. एवढं वर्थ आहे का? प्राग, हो. कुठल्यातरी लांबच्या विमानतळावर उतरून दीड तास बसने शहरात जायचं आणि चोवीस तासांत परत, नाही.

नोकरीचेही नियम सांभाळा. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मार्च २०२४ पासून हा आकडा वाढलाय, किंवा लेक्चरच्या काळात आठवड्याला २० तासांचा हिशोब. मी काय करायचे, परीक्षा संपल्या की दोन-तीन आठवडे जास्त तास काम आणि मग त्या पैशांवर फिरणं. लेक्चरच्या काळात आठवड्याला बारा-चौदा तासच. वीसच्या वीस तास भरणाऱ्यांचं सेमिस्टर लांबतं असं मी आजूबाजूला भरपूर पाहिलं.

स्वस्तात फिरायचं मुख्य हत्यार म्हणजे डॉइचलांड-तिकीट, महिन्याचा पास. मे २०२३ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ला ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांचं सेमिस्टर-तिकीट त्याच्या ६० टक्क्यांत, म्हणजे ३७.८०, पण ते तुमच्या विद्यापीठाने करार केला असेल तरच. अख्ख्या देशातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या चालतात, जलद आयसीई-आयसी चालत नाहीत. आपल्याकडच्या पॅसेंजरने फिरण्यासारखं आहे, प्रत्येक गावाला थांबत, पण पास आधीच काढलेला असल्यामुळे सकाळी उठून ऊन आहे म्हणून निघता येतं. एक दिवसाच्या सहलीचं हेच सुख, आधी काही ठरवावं लागत नाही, अभ्यास झाला तर जा नाही झाला तर नको.

श्टुटगार्टवरून तासाभरात उल्म, तिथल्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर आणि वर सातशेच्यावर पायऱ्या, पाय मोडतात. ट्युबिंगेन तासाभरात. बोडनझे सरोवर अडीच-तीन तास, गाडीत एक अख्खं लेक्चर वाचून होतं.

आणि सीमेपलीकडच्या दोन युक्त्या सांगते, मला कुणी सांगितल्या नव्हत्या. स्ट्रासबर्गला जायचं तर पासवर केल गावापर्यंत जायचं, ते शेवटचं जर्मन स्टेशन, तिथून स्ट्रासबर्गची डी ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट गावात जाते, फक्त ट्रामचं वेगळं तिकीट काढायचं. दुसरी लक्झेंबर्ग. तिथे मार्च २०२० पासून सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, पहिला वर्ग सोडून. पासवर ट्रिअरला जायचं, रोमन काळातला काळा दरवाजा बघायचा, मुक्काम करायचा, सकाळी लक्झेंबर्गची प्रादेशिक गाडी, सीमेपर्यंत तुमचा पास आणि पुढे फुकट. एक देश फुकटात. बाबांना हे फार आवडलं होतं. तसंच ऑस्ट्रियात साल्झबर्ग आणि कुफश्टाइनपर्यंत हा पास चालतो.

परीक्षेनंतरच्या मोठ्या प्रवासाला इंटररेल बघा, बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा रेल्वे पास. आपल्यातले बरेच जण युरेल, म्हणजे युरोपाबाहेरून येणाऱ्यांचा तसाच पास, शोधतात कारण भारतीय पासपोर्ट, पण तुम्ही युरोपात कायदेशीर राहत असाल तर इंटररेल काढायचं, आणि २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर. तुम्ही राहता त्या देशात मात्र एकदा बाहेर जायला आणि एकदा परत यायलाच ते चालतं. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या जलद गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना सीटचे पैसे वेगळे पडतात, ते धरूनच हिशोब करा नाहीतर स्वस्त वाटलेलं महाग पडतं.

कागदपत्रं, कंटाळवाणं आहे पण वाचा

नवीन आलेल्यांनी पहिले पाच-सहा आठवडे मुक्कामाचं फिरणं ठरवूच नका. घराची नोंदणी, बँक, विमा, रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट, हे सगळं त्यातच येतं, आणि अपॉइंटमेंटचा ईमेल तुम्ही डोंगरावर असतानाच येतो.

राष्ट्रीय व्हिसा किंवा रेसिडेन्स कार्ड असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीतले दिवस त्यात धरत नाहीत. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलंय, रोमानिया-बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्ण. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, तिथे भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा, लंडनला मावशी आहे म्हणून वीकेंडला जाऊन येते असं होत नाही. तुर्कस्तानला मात्र शेंगेन देशाचा चालू व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट असेल तर ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो.

पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मूळ प्रत सोबत ठेवा. मोबाइलमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, बसमध्ये पोलीस चढतात, रात्री दोनलाही, झोपेत पासपोर्ट शोधायची वेळ येते.

सगळ्यात नाजूक काळ म्हणजे कार्डाच्या नूतनीकरणाचा. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा, कारण ऑफिसांना वेळ लागतो. मधल्या काळात एक तात्पुरता कागद देतात, त्यावर जर्मनीत राहता येतं, पण त्यावर बाहेर जाऊन परत येता येईल का, आणि दुसऱ्या युरोपीय देशात विमान बदलता येईल का, हे तुमच्या ऑफिसला ईमेलने विचारून लेखी उत्तर घेतल्याशिवाय निघू नका. ग्रुपवर 'मी गेलो होतो काही झालं नाही' म्हणणारा एक तरी असतो. तो विमानतळावर तुमच्यासोबत नसणार.

विमा: सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजे युरोपीय आरोग्य कार्ड, पण स्वित्झर्लंड, डेन्मार्क अशा काही देशांत ते आपल्यासारख्या बाहेरच्या देशाच्या नागरिकांना चालत नाही. वर्षभराचा परदेश प्रवास विमा स्वस्तात मिळतो, एकदाच काढून टाका. स्वित्झर्लंडचं निघालंच आहे तर अजून एक, युरोपीय संघाचा फुकट रोमिंगचा नियम तिथे लागू नाही. काही प्लॅनमध्ये धरलेलं असतं, काहींत नसतं. बासेल नाहीतर कोन्स्टान्झच्या आसपास पोचलात की मोबाइल डेटा बंद, बघून मग चालू.

गाडीत अभ्यास होतो का

होतो, पण कोणता ते ठरवा. नवीन सिद्धांत समजून घेणं, मोठी गणितं, कोडिंग, हे गाडीत होत नाही, टेबल हलतं आणि शेजारी कुणीतरी सलामी खात असतं. होतं ते पाठांतर, फ्लॅशकार्ड, जर्मनचे शब्द, झालेल्या लेक्चरच्या नोट्स परत वाचणं, आणि सगळ्यात छान म्हणजे जुन्या परीक्षांचे पेपर कागदावर सोडवणं. हे पेपर फाखशाफ्टकडे मिळतात, म्हणजे प्रत्येक विभागाची विद्यार्थ्यांची संघटना असते तिच्याकडे, पहिल्याच महिन्यात जाऊन घेऊन या. सगळं आधी डाउनलोड करा, प्रादेशिक गाड्यांत वायफायचा भरवसा नाही आणि बोगद्यात मोबाइलही नाही.

जाताना दोन तास अभ्यास, येताना झोप. उलटं करायचा प्रयत्न केला होता, येताना फक्त फोटो बघत बसते. बॅगेत लॅपटॉप नेऊ नका, एक पातळ फाइल आणि पेन. लॅपटॉप नेला की सांभाळावा लागतो, हॉस्टेलवर लॉकर शोधावा लागतो आणि उघडला तर जातच नाही.

एक नियम मात्र मी कडक पाळला, निघण्याआधी त्या आठवड्याची शीट जमा झालेली पाहिजे, नसेल तर जायचं नाही, बाकीचे गेले तरी. दोनदा राहिले मागे. एकदा ते लोक ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला गेले होते आणि तिथून व्हिडिओ कॉल केला, मी मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनच्या, नूडल्स खात होते. राग आला होता खरा.

सोबत कोण

ग्रुप चारच्यावर नको. सहा जणांचे सहा पेपर, सहा नोकऱ्या, तारीखच जुळत नाही आणि मग सगळ्यांना जमेल तो वीकेंड नेमका परीक्षेच्या तोंडावरचा असतो. ज्यांचे पेपर तुमच्यासारखेच आहेत त्यांच्यासोबत जा, निदान गाडीत विषय तरी एक राहतो. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुमच्या हिरव्या तारखा टीमला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच सांगून टाका. जर्मन मुलांना दोन महिने आधी 'मी १४ ते १७ मे नाही' सांगितलं तर ती काही म्हणत नाहीत, आदल्या दिवशी सांगितलं तर तोंडावर काही बोलणार नाहीत पण पुढच्या प्रोजेक्टला तुम्हाला घेणार नाहीत.

घरी कधी जायचं

हा पण प्रवासच आहे आणि सगळ्यात महागडा. ख्रिसमसच्या दोन आठवड्यांत भारतात जाऊ नका असं माझं मत आहे, तिकिटं चढलेली असतात, चार दिवस जेटलॅग आणि नातेवाइकांत जातात, आणि परत आलात की महिनाभरात परीक्षा. ते दोन आठवडे जुने पेपर काढायला सोन्यासारखे असतात, शहर शांत, कॅम्पसवर चिटपाखरू नाही. उन्हाळी परीक्षा संपल्यावर जा. २०२६ला गणपती १४ सप्टेंबरला आहेत, शेवटचा पेपर त्याआधी असेल तर जमलंच, नाहीतर पेपर झाल्यावर जा, लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याशिवाय सुरू होत नाहीत. फक्त सलग सहा महिन्यांच्यावर जर्मनीबाहेर राहिलात तर परमिट आपोआप रद्द होऊ शकतं, थिसिस पुण्यातून लिहायचं स्वप्न बघणाऱ्यांनी हे आधी बघावं.

इंटर्नशिपच्या सेमिस्टरचं थोडं वेगळं आहे. कोर्सचाच भाग असलेली सक्तीची इंटर्नशिप असेल तर कायद्याने रजा मिळायचा हक्क नसतो, कंपनी देते तेवढीच, म्हणून करार सही करायच्या आधी विचारा. बऱ्याच कंपन्या देतात. थिसिसला वेळापत्रक तुमच्या हातात असतं म्हणून लोक सुरुवातीला खूप फिरतात, मी पण फिरले, शेवटचे दोन महिने विचारू नका.

रविवारी रात्री

शेवटचं एक, कुणी सांगत नाही म्हणून. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. तुम्ही रात्री दहाला दमून परत येता, फ्रीजमध्ये अर्धा कांदा असतो, मग स्टेशनवर आठ युरोचा डोनर खाता, उशिरा झोपता आणि सोमवारची लॅब अर्धवट झोपेत जाते. एका वीकेंडने खरं म्हणजे सोमवारही खाल्लेला असतो. म्हणून शुक्रवारी निघायच्या आधी डाळ-तांदूळ धुवून, हळद-मीठ-हिंग घालून पातेल्यात तयार ठेवायचे, पाणी न घालता, फ्रीजमध्ये. प्रवासाला धपाटे किंवा दशम्या, दोन दिवस आरामात टिकतात आणि स्विस स्टेशनवरच्या सँडविचचे पैसे वाचतात. आल्यावर पातेलं गॅसवर, बॅग उघडून कपडे मशीनमध्ये, खिचडी होईपर्यंत सोमवारची फाइल भरून दाराशी ठेवायची, आणि आईचा फोन आला, 'अगं फिरतेयस का शिकतेयस', की स्पीकरवर टाकून खिचडी ढवळत सांगायचं की शीट गुरुवारीच दिलीये.